शांतव्वाची खारी, केरबाची जीभ

शांतव्वाला कुणी विचारलं असतं, की बाई, तुमच्या त्या सॉसेज रोलची चव असते तरी कशी, तर तिनं पिठातला हात न थांबवता सांगितलं असतं, "मला काय म्हाईत? केरबाला विचारा जावा." यात नखरा काही नव्हता. अकरा वर्षं कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तिच्या बेकरीतून ते रोल वाढदिवसांना, सेंड ऑफला, कारखानदारांच्या पार्ट्यांना जात होते आणि तिनं त्यातला एकसुद्धा कधी तोंडात घातला नव्हता. घालणार कशी? गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, माहेर पार गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला टेकलेलं. अंडं चालत नाही म्हणून बेकरी असून त्या घरात कधी केक भाजला गेला नाही. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. बास.

मग हे लोढणं तिच्या गळ्यात आलं कुठून? तर ते आणलं केरबानं.

ब्याण्णव सालची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्याची बायको स्टीलच्या डब्यात पुण्याहून एक रोल घेऊन आली आणि तिनं तो काउंटरवर ठेवला. बोटभर लांब सॉसेज आणि भोवती खारीचे पदर गुंडाळलेले. "आमच्याकडं परदेशी पाहुणे येणार आहेत. असे दोनशे करून द्याल?" शांतव्वाचा नवरा प्रभुलिंग तेव्हा गल्ल्यावर बसायचा. तो डब्यापासून हातभर मागं सरकला. "बाई, हे आमच्यात बसत न्हाई," म्हणाला. बाई निघालीच होती, तेवढ्यात आतून केरबा कोपरापर्यंत पीठ माखलेला बाहेर आला. केरबा राधानगरीकडचा, कुळवाड्याचा. बायको तरुणपणीच गेली, पोरबाळ नाही, गावातल्या घराचं कुलूप पुतण्यांनी बदललेलं. बेकरीच्या मागच्या शेडातच त्याचं अंथरूण, तिथंच त्याची ट्रंक. तो म्हणाला, "मालक, पीठ तुमचं, आतलं माझं. मागं शेडात करतो की. तुमच्या भट्टीला धूर बी लागायचा न्हाय."

प्रभुलिंगानं बायकोकडं बघितलं. बायकोनं छताकडं बघितलं. याला त्या घरात होकार म्हणत.

तेव्हापासून एक रीत पडली आणि ती कुणी मोडली नाही. बेकरी आणि शेड यांच्यामध्ये एक उंबरा. उंबऱ्याच्या अलीकडं कडाप्प्याच्या ओट्यावर शांतव्वा पीठ लाटायची, डालडा लावायची, घडी घालायची, पुन्हा लाटायची, पट्ट्या कापायची आणि पत्र्यावर मांडून पत्रा उंबऱ्यावरून पलीकडं सरकवायची. पलीकडं केरबा. सॉसेजला पट्टी गुंडाळणं, विटांच्या छोट्या भट्टीत भाजणं, सगळं त्याचं. पलीकडं गेलेला पत्रा परत अलीकडं यायचा नाही. सुरी वेगळी, फडकं वेगळं, केरबाच्या चहाचा कपसुद्धा वेगळा. शेडात सॉसेज असताना शांतव्वानं तो उंबरा कधी ओलांडला नाही.

आणि त्यात केरबाची अक्कल वेगळीच. बाईंनी आणलेला तो पुण्याचा रोल त्यानं खाऊन बघितला आणि तोंड वाकडं केलं. "रबराची नळी चावल्यागत लागतंय. कोल्हापुरात असलं कोण खाणार?" म्हणून त्यानं पट्टीला आतून कांदा-लसणाची चटणी फासायला सुरुवात केली आणि मग काय, लोक बोटं चाटायला लागले. चटणी शांतव्वाच वाटायची. ती तिला चाखता यायची. पण ती चटणी सॉसेजबरोबर कशी लागते, हे तिला कळायला वाव नव्हता. त्यासाठी केरबा होता. पहिल्या पत्र्यातला पहिला रोल तो मोडायचा, फुंकर मारायचा, खायचा, डोळे मिटायचा. ही अलीकडं हात कमरेवर ठेवून उभी.

"जमलं का रं?"

"जमलंय आक्का. जाऊ द्या."

मगच बाकीचा माल भट्टीत जायचा.

पंच्याण्णव साली एका दुपारी प्रभुलिंगानं गल्ल्यावरच मान टाकली. तेव्हापासून बेकरी शांतव्वाच्या अंगावर. पहाटे पाचला उठायचं, लिंगपूजा करायची, की पीठ. दुपारपर्यंत पीठ. संध्याकाळी उद्याचं पीठ. आठ वर्षांत तिचा उजवा कोपर असा धरला, की वेणी घालायची म्हणजे युद्ध. गुडघे बोलायचे, टाचा चिरलेल्या. कुणी म्हणालं, की आक्का, जरा बसा, तर तिला रडूच यायचं, कारण बसलं की उठवत नव्हतं. दमलेल्या माणसाला लोक कष्टाळू म्हणतात आणि मोकळे होतात. शांतव्वा नुसती दमली होती हो. हाडांच्या आतून दमली होती.

हे तिच्या मुलाला, अमरेशला, दिसत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षांचा, कॉमर्स झालेला, व्हॅनमधून माल पोचवायचा. त्याच्या डोक्यात मोबाइलचं दुकान. भट्टी बंद करायची, पुढं काच लावायची, हँडसेट मांडायचे, रिचार्ज विकायचं. आई बाहेर खुर्ची टाकून बसेल, असं त्याचं चित्र. पोरगा वाईट नव्हता. रोज घरात तो विषय काढायचा तेवढंच.

त्यात दोन हजार तीन उजाडलं आणि तक्रारी यायला लागल्या. जानेवारीत ताराबाई पार्कातल्या एका वाढदिवसाला गेलेले रोल खारट होते, असा फोन आला. शांतव्वा फोनवर कडाडली. "खारट? आमच्या केरबाची जीभ हाय ती! मिठाचा एक खडा जास्त झाला तर त्याला कळतंय. तुमच्याच तोंडाची चव गेलीया." त्या घरानं पुन्हा फोन केला नाही. मार्चमध्ये एका सेंड ऑफचा अर्धा माल तसाच डब्यात परत आला. मग मात्र अमरेशनं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"अव्वा, आता बास झालं. शनिवारची फौंड्रीची ऑर्डर तेवढी कर. ती जर परत आली तर भट्टी बंद. मान्य?"

"बरं," शांतव्वा म्हणाली.

खरं सांगायचं तर ते 'बरं' म्हणताना तिला आतून सुख झालं. उद्या पाचला उठायचं नाही, या नुसत्या विचारानं तिची मान सैल पडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा पोत्यावर बसून मैदा चाळत होता आणि चाळता चाळता म्हणाला, "आक्का, पावसाच्या आत शेडाच्या छपराचं एक पान बदलाय पायजे. माझ्या उशाला गळतंय." बघा, याला पावसाळ्यात इथंच झोपायचं होतं! पंचावन्न वर्षांचा माणूस, गावात दार नाही, हातात भट्टीशिवाय दुसरी विद्या नाही. भट्टी विझली की हा ट्रंक घेऊन कुठं जाणार? शांतव्वानं मनातल्या मनात देवाला सांगितलं, की शिवा, मला विश्रांती नको, शनिवार तेवढा नीट जाऊ दे.

शनिवार उजाडला तो तापूनच. एप्रिलातला उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, आत दोन भट्ट्या. फौंड्रीला पंचवीस वर्षं झाली म्हणून पार्टी, रोल तीनशे, सहाच्या आत माल शिरोलीला पोचला पाहिजे. उन्हाळ्यात खारीचं पीठ म्हणजे छळवाद. डालडा पदरात राहतच नाही, पाघळून बाहेर येतो. शांतव्वानं ओट्यावर परातीत बर्फाची लादी ठेवून कडाप्पा गार केला होता. चार लाटणी, एक घडी, पुन्हा परात. कोपरातून कळ निघायची ती थेट मानेत. दोनच्या सुमारास पहिले चाळीस बाहेर आले. रंग सोन्यासारखा, पदर न् पदर सुटलेला. केरबानं एक मोडला, फुंकर मारली, खाल्ला, डोळे मिटले.

"जमलं का रं?"

"जमलंय आक्का. जाऊ द्या."

हुश्श झालं. तिनं चहा टाकला. केरबाचा कप उंबऱ्यावरून पलीकडं दिला, स्वतःचा घेऊन ओट्याला टेकली. केरबा पलीकडं फुर्र फुर्र करत प्याला आणि म्हणाला, "आज च्या फक्कड झालाय बगा. ग्वाड. दमलेल्या जिवाला असाच पायजे."

शांतव्वानं आपल्या कपातला घोट घेतला. घोट तोंडात तसाच राहिला. चहाला साखरच नव्हती. थकव्यात घालायची राहून गेली होती. साखरेच्या डब्याचं झाकण सकाळपासून उघडलेलंसुद्धा नव्हतं.

कोल्हापुरात बिनसाखरेचा चहा दिला तर माणूस भांडायला उठतो. आणि हा ग्वाड म्हणतोय! श्रावणात केरबाला अकरा दिवस ताप होता, तो उतरला खरा, पण त्यानंतर यानं एकदाही आमटीला मीठ मागितलं नव्हतं. आधी मिठावरून रोज कुरकुर करणारा हा माणूस आठ महिने पुढ्यात येईल ते गप गिळत होता. म्हातारपण आलं म्हणून शांत झाला असेल, असं तिला वाटलं होतं. त्याच महिन्यांत जुनं कोल्ड स्टोरेजचं दुकान बंद पडून सॉसेज दुसऱ्या कंपनीचं यायला लागलं होतं. ते कसं आहे, हे या बेकरीत कुणालाच माहीत नव्हतं. तिला खाता येत नव्हतं आणि खाणाऱ्याला कळत नव्हतं. आणि ती लोकांना फोनवर केरबाची जीभ सांगत बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अमरेश व्हॅन लावून आत आला. "पहिले पत्रे झाले का?"

तिनं त्याला दंडाला धरून काउंटरपाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "एक काम कर. रस्त्यावरनं कुणाला तरी बोलीव. खाणारं माणूस बघ. एक रोल खाऊन बघाय सांग."

"का?"

"केरबाला चव कळत न्हाई."

झालं, आता हा 'मी म्हणत नव्हतो का' म्हणणार, असं तिला वाटलं. पण त्यानं दारातून बाहेर बघितलं. अडीच वाजलेले, अख्ख्या पेठेची शटरं खाली. या गावात दुपारी एक ते चार कुणी मेलं तरी खांदेकरी मिळायचे नाहीत. एक कुत्रं तेवढं सावलीत पडलं होतं.

अमरेश उभा राहिला, घटकाभर. मग चपला काढून तो सरळ आत गेला आणि उंबरा ओलांडून शेडात शिरला. शांतव्वा मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली. त्यानं पत्र्यावरचा रोल उचलला. दुसऱ्या हातानं शर्टाच्या आत गळ्यातली चांदीची डबी, त्याच्या बापानं दीक्षेच्या वेळी त्याच्या गळ्यात घातलेली लिंगाची डबी, चाचपली आणि दोऱ्यासकट खांद्यावरून पाठीवर टाकली. आणि मग घास घेतला. पदरांचा चुरा खाली सांडू नये म्हणून खाली तळहात धरला, गरम वाफ नाकानं सोडली, दाढेला सारून चावला. पहिल्यांदा खाणारा माणूस असा खातो होय? आईला त्या डबीवरूनच सगळं कळलं. हात आपोआप गेला होता डबीकडं. सवयीचा हात.

"खारट हाय," अमरेश म्हणाला. "लई खारट. चटणी बरोबर हाय अव्वा. सॉसेजच खारट हाय, त्यावर चटणीचं मीठ चढलंय."

केरबा भट्टीपाशी सळी घेऊन उभा होता. त्यानं सळी खाली ठेवली. पत्र्यावरचा आणखी एक रोल घेतला, सगळा तोंडात कोंबला, चावला, चावतच राहिला. मग तोंड पुसून म्हणाला, "मला तर काय बी लागत न्हाय रं अमर. माती खाल्ल्यागत लागतंय. श्रावणापासनं." आणि तो मैद्याच्या पोत्यावर बसला. "आक्का, मी फसिवलं तुमास्नी. आज यील, उद्या यील म्हणून गप ऱ्हायलो. सांगितलं असतं तर... जीभ नसलेला माणूस तुमी कशाला ठिवला असता?"

शांतव्वाला राग आला. असा आला, की कानशिलं तापली. "आठ म्हैने! आठ म्हैने डोळं मिटून जमलंय जमलंय म्हंतोस? तुझ्यापायी मी गिऱ्हाइकांशी भांडले रे! आणि तू," ती मुलाकडं वळली, "तू कवापासनं?"

"कॉलेजपासनं, अव्वा."

"कुठं?"

"स्टँडच्या मागं. गाड्यावर."

"शिवा शिवा!" तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. दोघांनाही धुवून काढायचं होतं. पण आवाजच निघेना. भांडायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं आणि तिच्या अंगात आता लाटणं उचलण्यापुरतंही नव्हतं. ती जागच्या जागी खाली बसली, आणि बसली ती नेमकी उंबऱ्यावर. "साकु," ती म्हणाली. बास म्हणायचं तिचं माहेरचं. "साकु रे बाबांनो. मला आता काय सांगू नका."

भट्टीत लाकूड तडतडत होतं. भट्टी आता बंद पडणार, याचं तिला काही वाटेना. मग पोत्यावर बसलेल्या केरबाकडं तिचं लक्ष गेलं. तो वर छपराकडं बघत होता, जिथं त्याच्या उशाला गळायचं तिथं.

"अमरेश," ती बसल्या बसल्याच म्हणाली, "खारटपणा निघंल का त्यातला?"

"उकळत्या पाण्यात टाकलं तर निघंल. गाड्यावाला तसंच करतोय." एवढं बोलून पोरानं जीभ चावली.

"मग पाणी ठेव. चटणी मी बिनमिठाची वाटते. केरबा, ऊठ. विस्तव मागं ओढ, भट्टी लई तापलीया."

उठताना तिला दाराचा आधार घ्यावा लागला. पुढचे तीन तास कसे गेले कुणाला विचारू नका. मोठ्या पातेल्यात सॉसेज उकळून निथळलं. शांतव्वानं नवी चटणी वाटली, पट्ट्या लाटल्या, कापल्या, सरकवल्या. केरबा गुंडाळत होता, भाजत होता. जीभ गेली होती, पण हात शाबूत होते, आणि भट्टीचा ताव तळहात आत धरून त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. प्रत्येक पत्र्यातला पहिला रोल अमरेश मोडायचा. पहिल्याला अजून खारट म्हणाला. दुसऱ्याला, "आता अळणी वाटतंय, किंचित मीठ घाल अव्वा." तिसऱ्याला तो थांबला, त्यानं केरबाकडं बघितलं आणि उरलेला अर्धा त्याच्या हातात दिला.

केरबानं खाल्ला, डोळे मिटले. काही कळलं नसणारच. तरी शांतव्वानं अलीकडून विचारलंच.

"जमलं का रं?"

केरबानं डोळे उघडून अमरेशकडं बघितलं. अमरेशनं मान हलवली.

"जमलंय आक्का," केरबा म्हणाला. "जाऊ द्या."

साडेपाचला माल व्हॅनमध्ये चढला. खारट झालेले पहिले रोल तेवढे मागं शेडात पडून राहिले. अमरेश गाडीत बसणार, तोच शांतव्वा बाहेर आली. पिठाच्या हातानं तिनं त्याच्या पाठीवरची डबी ओढून पुढं छातीवर आणली.

"पाठीवर टाकली म्हणून त्याला दिसत न्हाई व्हय रे? असू दे पुढंच. खायचं तर त्याच्यासमोर खा."

अमरेश खाली मान घालून गाडी घेऊन गेला.

रविवारी सकाळी फौंड्रीच्या बाईंचा फोन आला. "रोल छान झाले होते, नेहमीसारखे. पुढच्या महिन्यात आणखी शंभर लागतील." एवढंच. शांतव्वानं फोन ठेवला. आनंद वगैरे झाला म्हणावं, तर तसं काही नाही. उद्या पुन्हा पाचला उठायचं, हे तेवढं पक्कं झालं. अमरेशनं भट्टी बंद करायचं नाव काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तो शेडाच्या छपराचं माप घेत होता.

तिनं चहा ठेवला, तेवढ्यात केरबा शेडातून आला. हातात ट्रंक, अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. तो उंबऱ्यापाशी थांबला.

"जातो म्हंतो आक्का. अमर हाय आता चाखाय. माझं काय काम?"

शांतव्वानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिनं साखरेचा डबा काढला, झाकण घट्ट बसलेलं होतं ते दुखऱ्या हातानं जोर लावून उघडलं, आणि केरबाच्या कपात एक चमचा साखर घातली, मग दुसरा.

"माझ्यात कशाला साखर नासताय?" केरबा म्हणाला. "मला काय कळतंय?"

"तुला न्हाई कळत," शांतव्वा कप ढवळत म्हणाली, "मला कळतंय की. ट्रंक ठेव आत आणि गार व्हायच्या आत पी."